तार काढायचा मंगळवार

वामनभाऊ, तुम्ही रविवारी गेलात आणि मंगळवार तार काढायचा होता. कोणी काढली नाही. सगळे तुमच्या गावी, खाप्याला, मातीला जाऊन आले होते, ऑफिसात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं आणि तुमच्या कपाटाची किल्ली कुठं असते हेही कोणाला ठाऊक नव्हतं. सर्व्हर मात्र चालू होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "त्यायले काय समजते!"

श्रद्धांजलीची भाषा तुम्हाला आवडायची नाही. कोणाच्या फोटोला हार घालून 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' वगैरे सुरू झालं की तुम्ही माझ्याकडे पाहून भुवया उडवायचात. तेव्हा ते राहू द्या. तसेही तुम्ही हसतमुख नव्हतातच. खेकसायचात जास्त. स्वतःच्या हुशारीबद्दल तुम्हाला काडीची शंका नव्हती आणि आपण एकाच कॉलेजातून शिकलो असलो तरी माझ्या वेळेपर्यंत कॉलेज बिघडलं होतं, असं तुम्ही माझ्या तोंडावर सांगायचात.

आपण काय करायचो हे बाहेरच्या माणसाला सांगताना नेहमी पंचाईत व्हायची. नागपुरात सदरमधल्या एका इमारतीचा दुसरा मजला. तिथे एक बंद, थंड खोली. तिच्यात गावातल्या लॅबांचे आणि दवाखान्यांचे सर्व्हर. प्रत्येक सर्व्हरला मागच्या बाजूनं दोन पॉवर सप्लाय, म्हणजे वीज आत घेणारे दोन डबे. एका डब्याची लाइन लाल तारेनं एका यूपीएसवर जाते, दुसऱ्याची निळ्या तारेनं दुसऱ्या यूपीएसवर. लाल गेली तर निळीनं सगळा भार उचलायचा, निळी गेली तर लालनं. या दोन्ही बाजू धडधाकट ठेवणं हे तुमचं खातं. त्या धडधाकट आहेत की नाहीत यावर स्क्रीनवरून नजर ठेवणं हे माझं. लोकांना वाटायचं की दोघांचं काम एकच आहे. आपल्याला वाटायचं की आपलं काम खरं आणि समोरच्याचं उगाच.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळच्या ऐन गर्दीत, तुम्ही सर्व्हरच्या रॅकच्या, म्हणजे लोखंडी मांडणीच्या, मागे जायचात आणि सगळ्या चालू सर्व्हरची लाल बाजू मुख्य प्लगपासून उपटायचात. पुढच्या महिन्यात निळी. नवीन असताना मला हे वेड वाटलं होतं. मी म्हटलं, "रविवारी काढत जा ना भाऊ. लोड कमी असतो."

"तं मंग पाहाचं काय?" तुम्ही म्हणालात. "रिकामी बंडी तं कोणताबी बैल वढते."

मी खोलीच्या काचेच्या अलीकडे स्क्रीनसमोर बसायची, तुम्ही पलीकडे रॅकच्या मागे. एकमेकांना दिसायचो नाही. सर्व्हरच्या पंख्यांच्या घरघरीतून तुमचा आवाज यायचा.

"काढू का वं?"

"काढा."

"गेली का?"

"गेली."

"निळी उभी हाय का?"

"उभी आहे."

"लावू?"

"लावा."

एवढंच. दर महिन्याला हेच शब्द, याच क्रमानं; निळी काढायची असली की फक्त 'निळी'च्या जागी 'लाल'. एखाद्या वेळी मी चहाचा घोट घेत असले आणि उत्तराला उशीर झाला, तर तुम्ही तार हातात धरून पुन्हा विचारायचात, या वेळी जरा वरच्या पट्टीत. मधला शब्द गाळायची सोय नव्हती.

एकदा तुम्ही सहज बोलून गेलात की निळीनं भार घेतला की आवाजावरून समजते, पंखा चढते. मी हसले. इतके पंखे एकत्र घोंघावत असताना त्यातला चढलेला तुम्हाला ऐकू येतो म्हणे! तुम्ही म्हणालात, "घरी कुकरची शिट्टी होणार हाय, हे तुले पहिलेच समजते का नाही? तसंच."

"समजतं ना तुम्हाला? मग मला कशाला विचारता?"

"विचारा लागते," तुम्ही म्हणालात आणि डबा उघडून जेवायला बसलात. तुमच्या बाता बऱ्याच असायच्या. मी ही त्यांच्यातच जमा केली.

आपलं भांडण खरं तर साधं होतं. माझं म्हणणं, प्रत्येक पॉवर सप्लायचा लोड, तापमान, व्होल्टेज सगळं स्क्रीनवर दिसतं, जरा काही बिघडलं की फोनवर अलार्म येतो. मग चालू सर्व्हरची तार उपटून जीव टांगणीला लावायचा कशाला? तुमचं म्हणणं, "हिरवा दिवा म्हंजे ते जित्तं हाय, येवढंच. उचलते का नाही, ते उचलून पाह्यल्याबिगर नाही समजत."

मी हरत नव्हते, हे इथे नोंदवून ठेवते, कारण तुम्ही ते कधी मान्य केलं नाहीत. एका हिवाळ्यात माझ्या स्क्रीनवर एका यूपीएसचं तापमान हळूहळू चढत होतं. तुम्ही म्हणालात, मी हात लावून पाह्यलं, थंड हाय, तुह्यं सेन्सर येडं झालं. मी हटून बसले म्हणून तुम्ही फणफणत झाकण उघडलंत. आत पंख्यात पाल अडकून मेलेली. ती तुमच्या हाताला दिसली नव्हती, माझ्या स्क्रीनला दिसली होती. तुम्ही ती चिमट्यानं काढलीत आणि झाकण लावलंत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तुमच्या शेतातल्या तुरीच्या ओल्या शेंगांची थैली होती. 'तू बरोबर होतीस' हे वाक्य तुमच्याकडून मला कधीच मिळालं नाही. शेंगा मात्र दर हिवाळ्यात मिळत गेल्या.

आणि मग कुलरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आपलं भांडण कोणाला कळणार नाही.

मे महिना होता. रिसेप्शनवर दोन मोठे कुलर होते आणि गावात लाइटचं काही खरं नव्हतं. लाइट गेली की कुलर बंद, की सगळे घामाघूम. तेव्हा रिसेप्शनवरच्या मंडळींच्या लक्षात आलं की आपल्या ऑफिसात एक बोर्ड असा आहे ज्याची लाइट कधीच जात नाही. त्यांनी एक लांब तार आणली, जमिनीच्या फरशांखालून सरकवत सर्व्हरच्या खोलीत नेली आणि निळ्या बोर्डात खुपसली. त्यांचं तरी काय चुकलं? नागपुरात मे महिन्यात कुलर कुठं लावू नये, हे कोणाला सुचतच नाही. आपणही त्याच गारव्यात बसून चहा पीत होतो, आणि आपल्यापैकी कोणालाही प्रश्न पडला नाही की लाइट गेली असताना हा कुलर फिरतो कसा.

तुम्ही मंगळवारी लाल काढलीत. निळीनं सगळे सर्व्हर उचलले, त्यावर आधीचे दोन कुलर, आणि तिचं कंबरडं मोडलं. खोली गप्प झाली. सर्व्हरच्या खोलीतली शांतता फार वाईट असते. ती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. जरीपटक्याच्या लॅबसमोर माणसं रिपोर्टसाठी ताटकळत उभी राहिली, दवाखान्यांचे फोनवर फोन आले, आणि सगळं परत उभं करेपर्यंत दुपार गेली.

अजयसाहेब, आपले मालक, तसे सभ्य. पण त्या दिवशी ते सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले, "तुम्ही काढली म्हणून गेली!" आणि मीही तेच म्हटलं, फक्त हळू आवाजात. स्क्रीनवर दोन्ही बाजू हिरव्या होत्या. तुम्ही हात लावला नसता तर लोकांची दुपार गेली नसती.

तुम्ही खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणालात, "आज गेली तं मी मागं उभा होतो. लगेच लावली. मी नसतो तवा लाल गेली असती तं?"

तो उन्हाळा आपण धड बोललो नाही. मी तेवढ्यात स्क्रीनवर एक नवा हिशोब बसवला: दोन्ही बाजूंच्या लोडची बेरीज करायची आणि एकटीला ती झेपेल का ते पाहायचं. झेपणार नसेल तर दिवा पिवळा. मला वाटलं, आता संपला वाद. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ती बेरीज पाहिलीत, नीट पाहिलीत. "बराबर हाय," म्हणालात. "मंगळवारी तार काढू."

मला अजूनही वाटतं की ती दुपार तुम्ही घालवलीत. मेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण गप्प बसले तर तुम्हालाच ओळखू येणार नाही की हे कोण लिहितंय.

माझी मुलगी झाली तेव्हा मी रजेवर होते. माझ्या जागी स्क्रीनसमोर कोण बसणार म्हणून सगळे काळजीत, तर तुम्हीच बसलात. ज्या स्क्रीनला नावं ठेवलीत तीच शिकलात. सुरुवातीला फोन यायचे, "हे पिवळं काहून होऊन राहिलं वं?" मग ते थांबले. पण पहिल्या मंगळवारी बरोबर फोन यायचा. "मंजू, लॅपटॉप उघड." मी पोरीला मांडीवर घेऊन घरच्या लॅपटॉपवर स्क्रीन उघडायची, आणि पंख्यांच्या घरघरीतून तुमचा आवाज यायचा, "काढू का वं?" आई स्वयंपाकघरातून विचारायची, कोण काय काढून राहिलं? ऑफिसात तेव्हा माणसांची कमी नव्हती. कोणालाही खुर्चीत बसवून विचारता आलं असतं. मी तसं म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, "तू हाय ना." बाळंतपणात सगळे मला आराम कर, झोप, काही करू नको म्हणून सांगत होते. काम सांगणारे तुम्ही एकटेच होतात. त्याचं मला किती बरं वाटायचं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आता सांगते.

शेवटच्या शनिवारी आपण त्याच जुन्या विषयावर होतो. मी म्हणत होते, दर महिन्याला कशाला, तीन महिन्यांतून एकदा काढू. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हो म्हणाला नाहीत. बॅग खांद्याला लावलीत, खाप्याची बस चुकेल म्हणालात. "मंगळवारी बोलू."

रविवारी दुपारी जेवून पडलात ते उठला नाहीत. वहिनींनी चहा ठेवला होता.

तेरवीला मी खाप्याला आले होते. मातीच्या दिवशी दाराबाहेरच उभी होते; तुमच्या घरात पहिल्यांदाच आले. पंगत बसली, आलू-वांग्याची भाजी वाढून झाली, आणि लाइट गेली. मी सवयीनं कान टवकारले, आता इन्व्हर्टर सुरू होईल म्हणून. काही झालं नाही. दोघांनी उठून दारं-खिडक्या उघडल्या, वाढणाऱ्या बायकांनी उजेडाच्या अंगानं पातेली सरकवली आणि पंगत पुढे चालू राहिली. मी वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "किती डाव म्हनलं, इन्व्हर्टर घ्या. तं म्हने, दिवसभर तेच पाहून येतो, घरी काहून पाहू? लाइट गेली तं आंगनात बसू." वामनभाऊ, आयुष्यभर दुसऱ्यांच्या दोन-दोन लाइनी सांभाळल्यात आणि घरी एकही धड नाही! मला हसू आलं. वहिनीही हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावला. "मंगळवारी लवकर निघे," त्या म्हणाल्या. "म्हने, मंजू बसली असन."

त्यानंतर अजयसाहेबांनी मला बोलावलं. त्यांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. तुमच्या जागी कोणाला घ्यायचं नाही. बिजलीचं काम बाहेरच्या माणसाला द्यायचं, बोलावलं की येईल. आणि तार काढणं बंद. "चालत्या गाडीचं चाक कोणी काढून पाह्यते का?" ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, अगदी आदरानं, "मॅडम, तुमीच म्हणत होत्या ना? माणसाले झोप लागते, स्क्रीनले नाही लागत. पूर्ण सिस्टीम तुमी बनवली. मंग दुसरा माणूस काहून पाह्यजे?"

वाक्य माझंच होतं. तुमच्यासमोर, भर मीटिंगमध्ये म्हटलेलं, आणि ते आजही खरंच आहे. तुमच्याशी इतकी वर्षं भांडून जे मागत होते ते मला आयतं मिळत होतं. फक्त त्यात नुसतं तुमचं नाव रजिस्टरातून जायचं नव्हतं, तुमचं कामच जायचं होतं. वाद जिंकायला समोर हरणारा माणूस लागतो, तोच नव्हता. साहेबांचा राग आला असं नाही. तुमचा आला. मंगळवारी बोलू म्हणून सांगितलं होतंत.

मी म्हटलं, "साहेब, येत्या मंगळवारी एकदा काढून पाहू. तुम्ही मागे उभे राहा, मी स्क्रीनवर बसते. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

"हो, त्यात काय!" साहेब म्हणाले.

तो मंगळवार काल झाला.

साहेब रॅकच्या मागे गेले. मी स्क्रीनसमोर बसले. लाल हिरवी, निळी हिरवी, बेरीजही हिरवी. पलीकडून आवाज आला, "पकडली मॅडम. काढू?"

"काढा."

काहीच झालं नाही. मी वाट पाहिली.

"पक्कं हाय ना?" साहेबांनी विचारलं.

"स्क्रीनवर सगळं हिरवं आहे."

"कुलर-बिलर नाही ना लावला कोणी?"

"स्क्रीनवर तरी दिसत नाही."

"जरीपटक्याच्या लॅबचं काम चालू असन आता?"

"हो साहेब. गर्दीचीच वेळ आहे."

साहेब बाहेर आले. तार काढली नव्हती. त्यांनी हात पँटला पुसले. कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला मी भीतीच म्हणेन. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

"हे वामनभाऊ दर महिन्याले करे?"

"दर महिन्याला."

"त्यायले काही नाही वाटे?"

मला माहीत नव्हतं. मी काचेच्या अलीकडे असायची. साहेब माझ्या खुर्चीत बसले आणि स्क्रीनच्या हिरव्या दिव्यांकडे पाहत म्हणाले, "माणूस पाहा मॅडम. पक्का पाहा. जागा भरू."

एवढं होऊनही तार राहिलीच होती. मी साहेबांना म्हटलं, बसा तिथेच, आणि मागे गेले.

मंगळवारी त्या वेळेला मी तिथे कधीच उभी राहिले नव्हते, भाऊ. पुढून ती खोली थंड, आणि मागे चुलीपुढे बसल्यासारखी धग; सगळे सर्व्हर आपली गरम हवा तिकडेच फेकतात. तुम्ही स्वतःच्या गुडघ्यांबद्दल, बसबद्दल, कॉलेजबद्दल कुरकुर केलीत, या धगीबद्दल कधी एक शब्द नाही. खिळ्याला तुमचा दुपट्टा अजून लटकत होता. मी लाल प्लग पकडला. साहेबांना काय झालं होतं ते तेव्हा कळलं. हिरवा दिवा इथून दिसत नाही. इथे फक्त हातातली तार असते.

"काढू का?" मी ओरडले.

"काढा ना," साहेब म्हणाले. त्यांना आपले शब्द माहीत नव्हते.

मी काढली. आणि आवाज चढला. निळ्या बाजूचे सगळे पंखे एका दमात वर गेले आणि तिथेच ठरले. कान देऊन ऐकावं लागलं नाही. बहिऱ्यालाही समजलं असतं. निळी उभी होती. खिशात माझा फोन वाजला, पलीकडे साहेबांचा वाजला, अलार्म आला, पण तो नंतर. आवाज आधी आला.

म्हणजे ती बात नव्हती. म्हणजे दर मंगळवारी, मी तोंड उघडायच्या आधीच तुम्हाला सगळं कळलेलं असायचं. मी चहा पीत असताना, पोरीला मांडीवर घेऊन असताना, रुसून बसले असताना. तरी तुम्ही त्या धगीत तार धरून उभे राहायचात आणि मी सांगेपर्यंत पुढे जायचा नाहीत.

तुमच्या मातीला मला रडू आलं नव्हतं. तेरवीलाही नाही. काल तिथे आलं, सर्व्हरच्या मागे, लाल प्लग हातात घेऊन. दुपट्ट्याला तोंड पुसलं, त्याला धुळीचा वास होता.

"मॅडम?" साहेब समोरून विचारत होते. "काय झालं? लावून राहिल्या ना?"

पंखे चढलेलेच होते, मला ऐकू येत होते. मी जोरात विचारलं, "निळी उभी हाय का?"

साहेबांनी जरा वेळ घेतला. बहुतेक वाकून नीट पाहिलं असावं.

"उभी हाय," ते म्हणाले.

मग मी तार लावली.